स्पर्शाचे गणित

विज्ञान जात पाहत नाही, हे विधान आपण सभा-संमेलनांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची चिकित्सा करावी असे कोणाला वाटत नाही. जंतू जात पाहत नाही हे खरेच आहे. परंतु जंतू ज्या वाटांनी जातो त्या वाटा माणसांनी घातलेल्या असतात, आणि ह्या देशात त्या वाटा घालण्याचे काम जातिव्यवस्थेने शतकानुशतके केलेले आहे. कोणी कोणाला शिवावे, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावे, कोणी कोणाचा मैला उचलावा, कोणी कोणाच्या ओसरीच्या पायरीशी थांबावे, हे सगळे ठरलेले. आज लसीकरणाच्या योजना ज्या गणिताच्या आधारे आखल्या जातात, त्या गणिताच्या मुळाशीही नेमका हाच प्रश्न आहे : कोण कोणाला शिवतो? म्हणून ही केवळ तज्ज्ञांची बाब आहे असे समजून बाजूला होणे आपल्याला परवडणारे नाही. एखाद्या कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो, म्हणजे तिच्यात कोण आहे, कोण वगळला गेला आहे आणि 'माणूस' म्हणताना लेखकाच्या डोळ्यांपुढे कोणता माणूस आहे, तेच प्रश्न ह्या समीकरणांनाही विचारले पाहिजेत.

ह्या गणिताचा एक पायाभूत प्रबंध १९२७ सालचा आहे. त्या वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने कर्मॅक आणि मॅकेंड्रिक ह्या दोघांचा साथीच्या रोगांच्या गणिती उपपत्तीवरचा प्रबंध छापला. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केलेले होते. कर्मॅक हे एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात दोन्ही डोळे गमावलेले. पण प्रबंधातील समीकरण पडताळून पाहण्यासाठी त्यांनी जी आकडेवारी घेतली ती मुंबईची आहे : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ ह्या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला मेलेल्या माणसांची. आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंपर्यंत चढणारा आणि मग तितक्याच सुबकपणे उतरणारा घंटेच्या आकाराचा वक्र त्यांनी काढला. त्या वक्राखालचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे ८,९०० भरते. ते ८,९०० मृत्यू आहेत. जगभरच्या विद्यापीठांतून साथीचे गणित शिकवताना हा वक्र अजूनही फळ्यावर काढला जातो.

प्रबंधातील मांडणी सोपी आहे. समाजाचे तीन भाग करायचे : ज्यांना अजून लागण व्हायची आहे ते, ज्यांना झालेली आहे ते, आणि जे बरे झाले किंवा मेले ते. पहिल्या दोन भागांतील माणसे जितकी एकमेकांना भेटतील तितकी नवी लागण. भेटी किती होतील? दोन्ही संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. म्हणजे डब्यात वायूचे कण जसे एकमेकांवर आदळतात तशी शहरातली सर्व माणसे एकमेकांवर सारख्याच शक्यतेने आदळतात असे धरायचे. ह्याला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. एका रोग्यामुळे, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, सरासरी किती जणांना लागण होते ती संख्या एकदा काढली की लसीकरणाचे लक्ष्यही काढता येते. ती संख्या १५ असली, आणि गोवराची ती साधारणपणे १२ ते १८ मानली जाते, तर पंधरांपैकी चौदा जण सुरक्षित असले पाहिजेत. म्हणजे ९३ टक्क्यांच्या वर. शासकीय परिपत्रकांत जो '९५ टक्के' हा आकडा वाचायला मिळतो तो असा आलेला आहे.

मुंबईविषयी लिहिल्या गेलेल्या सर्व वाक्यांत ह्या गृहीतकाइतके समतावादी वाक्य दुसरे सापडणार नाही. सर्वांचा सर्वांशी सारखाच संपर्क! मुंबईच्या कापड गिरण्यांतून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे आणि महाराचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. लाळेतून पसरणाऱ्या कोणत्याही रोगाच्या दृष्टीने पाहिले तर गिरणीतले हे दोन वेगळे जग आहेत, त्यांच्यात भिंत नसली तरी. आणि हीच मुंबई समीकरणात एका अक्षराने दाखवली जाते.

लेखकद्वयावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्यांनी आपल्या गृहीतकांविषयी कोणताही आव आणलेला नाही. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे लागू पडत नाहीत आणि आकडे ढोबळ आहेत, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी तर असे दाखवले आहे की मुंबईतला प्लेग ऋतुमानाप्रमाणे दरवर्षी येई नि ओसरे, त्यामुळे तो वक्र जुळला हेच फसवे होते. आमचा आक्षेप त्या दोघांच्या प्रामाणिकपणावर नाही. सोपे करण्यासाठी जे एकदा गृहीत धरले ते पुढे सवयीने सत्य म्हणून वापरले जाते, हा खरा आक्षेप आहे. साहित्यात हाच प्रकार आपण पाहिलेला आहे. मध्यमवर्गीय समीक्षेने 'वैश्विक माणूस' नावाचा एक माणूस उभा केला; त्याला जात नाही, वस्ती नाही, भूक नाही. दलित लेखकाने आपला माणूस मांडला तेव्हा तो 'वैश्विक' नाही म्हणून नाक मुरडले गेले. साथीच्या गणितातला सरासरी माणूस हा त्या वैश्विक माणसाचा सख्खा भाऊ आहे.

आणि संपर्क म्हणजे तरी काय? ह्या प्लेगच्या आधी, १८९७ साली, पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातून प्लेग झालेल्या एका पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यापर्यंत चालत आल्या; त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. गणितात हा एक संपर्क आहे, एका लागणीची नोंद.

नंतरच्या गणितज्ञांना हे दोष दिसले नाहीत असे नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कोण कोणाकडून लागण घेतो ह्याचा तक्ता मांडून प्रतिमाने करण्याची रीत रूढ झाली. ओळींत आणि रकान्यांत वयोगट लिहायचे : पाच वर्षांखालची मुले, शाळकरी मुले, तरुण, म्हातारे, आणि प्रत्येक चौकटीत त्यांच्या परस्पर भेटींची संख्या भरायची. ही संख्या आणायची कोठून? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत युरोपातील आठ देशांतल्या ७,२९० माणसांनी एका दिवसाची रोजनिशी लिहून दिली, आणि तिच्यात सुमारे ९८ हजार भेटी नोंदल्या गेल्या. पाहणी चोख होती. पुढे २०१७ मध्ये ह्याच रोजनिशांच्या आधारे, लोकसंख्येचे आणि कुटुंबांच्या आकाराचे आकडे जोडून, १५२ देशांचे संपर्क-तक्ते तयार करण्यात आले. त्यांत भारतही आहे. म्हणजे आपल्या गावात कोण कोणाला शिवतो ह्याचे अनुमान बेल्जियम-इटलीच्या रोजनिशांवरून निघाले. ज्या देशाची माहितीच नाही त्याच्यासाठी काहीतरी आधार हवा होता, हे समजण्यासारखे आहे. पण माहिती का नाही, हाही प्रश्नच आहे.

त्या युरोपीय पाहणीतली संपर्काची व्याख्या ह्या नियतकालिकाच्या वाचकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. संपर्क म्हणजे त्वचेला त्वचा लागणे, जसे हस्तांदोलन किंवा चुंबन. किंवा समोरासमोर, दोन्ही बाजूंनी, निदान तीन शब्दांचे संभाषण. तीन शब्द! पहाटे येऊन संडास साफ करून गेलेल्या बाईशी घरमालकीण किती शब्द बोलते? 'आलीस? पाणी ओत' एवढेच म्हणाली तर? त्यात उत्तर तरी कोठे आहे? व्याख्येप्रमाणे हा संपर्क नव्हे. त्या घरातल्या सर्वांची आतडी जिच्या हातावरून गेली तिचा त्या घराशी संपर्कच झालेला नाही. व्याख्या श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांसाठी केलेली आहे आणि त्या कामापुरती ती ठीकच आहे. परंतु अस्पृश्यता ही संपर्काचा अभाव कधीच नव्हती. ती एकतर्फी संपर्काची व्यवस्था होती. घाण एका दिशेने यावी, पाणी दुसऱ्या दिशेने जाऊ नये, अशी. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने बंदी घातली गेली, ह्यावरूनच पहिल्या बंदीचे काय झाले ते कळते. कावीळ, पटकी, विषमज्वर ह्यांच्या तक्त्यात ह्या एकतर्फी वाटेला चौकट नसेल, तर लस कोणाला आधी द्यायची ह्याचे उत्तर चुकणारच.

सरासरीने काय घडते ते एका हिशेबाने पाहू. हिशेब काल्पनिक आहे, पण कोणत्याही तालुक्यात बसेल. एका मोठ्या गावात लहान मुले १,०००. त्यांपैकी ९५० मुलांना गोवराची लस मिळाली आणि ती पूर्ण लागू पडली असे धरू. म्हणजे ९५ टक्के. अहवालात हिरवी खूण. सर्वांचा सर्वांशी सारखा संपर्क असता तर एका रोगी मुलापासून १५ गुणिले ५ शतांश, म्हणजे एकापेक्षाही कमी, पाऊण मुलाला लागण झाली असती आणि साथ आपोआप विझली असती. आता असे समजा की लस न मिळालेली ती ५० मुले गावभर विखुरलेली नाहीत. ती सगळी वेशीबाहेरच्या एकाच वस्तीत आहेत, जिथे एकूण मुले ६० आहेत. आणि वस्तीतल्या मुलाच्या निम्म्या भेटी वस्तीतल्याच मुलांशी होतात. मग आजारी पडलेल्या पहिल्या मुलापासून वस्तीत १५ गुणिले अर्धा गुणिले पाच षष्ठांश, म्हणजे सहा मुलांना लागण होते. गाव सुरक्षित, वस्ती पेटलेली, आणि दोन्हींची मिळून टक्केवारी ९५. गणित काही चुकलेले नाही. चूक कोणती असेल तर ती गावाला एक समजण्याची.

इंग्रजीत ह्या सामूहिक प्रतिकारशक्तीला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'कळपाची' असा होतो. कळप म्हटला की एकच गुराखी, एकच कुरण. आपल्या गावगाड्याला हा शब्द लावणाऱ्याने गावगाडा पाहिलेला नसावा.

२०२२ च्या शरदात मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा तिचे केंद्र महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात, गोवंडीच्या झोपडपट्ट्यांत होते. मुले दगावली. भिवंडी, मालेगाव येथेही उद्रेक झाले. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते हे मुंबईकराला सांगावे लागत नाही : मुसलमान, दलित, कचरा वेचणारे, इतर वस्त्या पाडल्या गेल्यावर इकडे येऊन पडलेले. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण खंडित झाले होते हे कारण सांगितले गेले, आणि ते खरेही आहे. पण ते सगळ्या शहरात खंडित झाले होते. मग साथीचे केंद्र गोवंडीच का ठरले? त्यानंतर त्या भागात जादा मात्रांची मोहीम घेतली गेली, घरोघर शोध झाला. हे सर्व साथीनंतर. वस्तीनिहाय आकडे आधीच स्वतंत्रपणे मांडले गेले असते तर धोका कागदावर दिसला असता.

येथे आपल्याच चळवळीतील एका वृत्तीविषयी बोलणे भाग आहे. आकडेशास्त्र हे नवे ब्राह्मण्य आहे, तज्ज्ञ म्हणजे नवे भटजी, असे म्हणून हा सगळा विषय झटकून टाकणारे कार्यकर्ते आहेत. ही भूमिका आम्हांला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर लिहिले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. प्रस्थापितांच्या आकड्यांना त्यांनी शाप दिले नाहीत, ते आकडे हातात घेऊन उलटे फिरवले. साथीच्या गणितातही असे प्रसंग आहेत की जेथे गणित आपल्या बाजूने उभे राहिले आणि आपण त्याची दखलही घेतली नाही. दोनच सांगतो.

पहिला रुबेलाचा. हा रोग लहान मुलाला झाला तर किरकोळ; गरोदर बाईला झाला तर बाळ आंधळे, बहिरे, हृदयात दोष घेऊन जन्माला येऊ शकते. लस उपलब्ध आहे. मग ती शक्य तितक्यांना द्यावी, जितक्यांना दिली तितका फायदा, असे कोणालाही वाटेल. गणिताने १९८० च्या सुमारास दाखवून दिले की असे नाही. निम्म्या मुलांना लस दिली तर विषाणूचा फिरण्याचा वेग कमी होतो; त्यामुळे लस न मिळालेल्या मुलीला लहानपणी लागण होण्याची शक्यता घटते आणि ती तशीच मोठी होते. मग तिला लागण होते ती विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, पोटात मूल असताना. ग्रीसमध्ये हे घडले. तेथे १९७५ पासून ही लस वापरात होती, पण पुरेशा मुलांपर्यंत पोचत नव्हती. १९९३ च्या साथीनंतर जन्मजात रुबेलाची २५ बालके नोंदली गेली. आता आपल्याकडची स्थिती आठवा. गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस आपल्या शहरांतून बालरोगतज्ज्ञांच्या खाजगी दवाखान्यांत वर्षानुवर्षे विकत मिळत होती; सरकारी कार्यक्रमात रुबेला आली ती २०१७ पासून. पैसेवाल्याने आपल्या मुलासाठी विकत घेतलेली लस ही त्याची खाजगी बाब आहे, तिचा झोपडपट्टीतल्या बाईशी काय संबंध, असे वाटते. संबंध आहे, आणि तो कोणा मोर्चातल्या वक्त्याने नव्हे, समीकरणाने सिद्ध केलेला आहे. बाजारावर सोडलेली लस विकत घेऊ न शकणाऱ्याला नुसते वगळतच नाही, त्याचा धोका वाढवूही शकते. २०१७ ची मोहीम नऊ महिने ते पंधरा वर्षे इतक्या मोठ्या वयोगटाला एकदम लस देणारी होती, तिच्यामागे हाच विचार होता, आणि महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस ती शाळाशाळांतून झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अफवा पसरवणाऱ्यांनी आपल्याच लेकीबाळींचे नुकसान केले असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रसंग पोलिओचा, आणि तो अधिक बोलका आहे. १९९५ नंतर पल्स पोलिओच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, तरी पश्चिम उत्तर प्रदेश नि बिहारमध्ये मुले लुळी होतच राहिली. दोष कोणाचा? उत्तर तयार होते : अडाणी लोक, विशेषतः मुसलमान, लस नाकारतात. नकार होतेच, नाही असे नाही. मोहिमेच्या सगळ्या बोलण्यात 'नाकारणारी कुटुंबे' हा जणू रोगाचाच एक प्रकार झाला होता. २००६ साली निकोलस ग्रासली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पोलिओच्या नोंदी घेऊन हिशेब केला. त्यांना आढळले ते असे की तोंडावाटे द्यायच्या तिहेरी लसीची एक मात्रा उत्तर प्रदेशात पहिल्या प्रकारच्या विषाणूविरुद्ध सुमारे ९ टक्के मुलांचेच संरक्षण करते. उर्वरित भारतात हेच प्रमाण २१ टक्के होते. ह्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. दहा वेळा डोस घेतलेल्या शंभर मुलांपैकी इतरत्र साधारण नऊ-दहा असुरक्षित राहतात. उत्तर प्रदेशात एकोणचाळीस. आईने दहाही वेळा दार उघडले, पोराचे तोंड उघडले, बोटाला शाई लावून घेतली, आणि तरी शंभरांतली एकोणचाळीस मुले उघडीच. अशा गल्लीत दहा डोस घेतलेले एखादे मूल लुळे झाले की शेजारीण म्हणणार, ह्या औषधात काही नाही. ती अफवा म्हणायची की अनुभव?

लस कमी का लागू पडते? दाट वस्ती, उघडी गटारे, सतत होणारी हगवण, आतड्यांत आधीच मुक्काम ठोकलेले इतर विषाणू. वेल्लोरचे टी. जेकब जॉन हे सत्तरीच्या दशकापासून सांगत आले होते की ही लस भारतीय मुलांना श्रीमंत देशांतल्या मुलांइतकी लागू पडत नाही. ग्रासलींच्या गणिताने ते जिल्ह्या-जिल्ह्याच्या आकड्यांत मांडले. ज्याला समाजाचा दोष समजले जात होते त्यातला मोठा भाग नालीचा, संडासाचा, पाण्याचा निघाला. दलित-मुसलमानांच्या बाजूने ह्याहून जोरकस साक्ष कोणत्या वकिलाने दिली असती?

पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. एकाच प्रकारच्या विषाणूविरुद्धची, जास्त लागू पडणारी लस २००५ पासून आणण्यात आली होती. २०१० मध्ये दोन प्रकारांविरुद्धची आली. २००९ च्या सुमारास उत्तर प्रदेश आणि बिहारमधील १०७ धोक्याचे तालुके निवडून तेथे लसीबरोबरच हगवण, स्वच्छता, पाणी ह्यांकडेही लक्ष देण्याची योजना आखली गेली. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ ला ह्या भागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. हे यश मोठे आहे, ते कमी लेखण्यात अर्थ नाही. परंतु क्रम ध्यानात घ्या. गणिताने सांगितले, लस हरते कारण गटार उघडे आहे. व्यवस्थेने ऐकले, चांगली लस आणा. गटाराकडे लक्ष गेले ते लस लागू पडावी म्हणून, आणि तेही १०७ तालुक्यांत. विषाणू गेल्यावर गटार उघडे राहिले तर प्रतिमानाला त्याचे काही देणेघेणे नाही. त्याच्या समीकरणात गटार हे लसीच्या एका गुणकाच्या पोटात दडलेले आहे. हा गणिताचा दोष नव्हे. ज्याने प्रश्न विचारला त्याने पोलिओ कसा जाईल एवढेच विचारले होते.

लक्ष्य गाठण्याच्या ओढीत माणसाचे काय होते, ह्याला आपल्याकडे जुना पुरावा आहे. १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ८० टक्के लोकांना टोचण्याचे लक्ष्य होते. टोचण्या मोजल्या गेल्या, टोचलेली माणसे नव्हे. शाळेत बसलेली मुले सहज हाती लागत, म्हणून तीच पुन्हा पुन्हा टोचली गेली. रानात, वीटभट्टीवर, वस्तीच्या टोकाला असलेले राहिले ते राहिले. टक्केवारी भरली आणि देवी चालूच राहिल्या. त्या हटल्या त्या रोगी शोधून त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचण्याची रीत आल्यावर, १९७५ मध्ये. तीही निर्दोष नव्हती. काही ठिकाणी दारे फोडून, हातपाय धरून टोचल्याचे लिखित पुरावे आहेत.

संमतीचा हा प्रश्न ह्या गणिताच्या जन्मापासून आहे. १७६० साली डॅनियल बर्नूलीने हिशेब मांडला की देवीची लागण मुद्दाम करून घेण्याची तेव्हाची पद्धत सर्वांना लागू केली तर सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. त्यावर दालांबेरचा आक्षेप असा की तीन वर्षांचा नफा आयुष्याच्या शेवटी मिळणार आणि मरणाचा धोका मात्र आजच पत्करायचा. राज्याचा हिशेब आणि माणसाचा हिशेब एक नसतो. आमच्या मते त्या वादात दालांबेरची बाजू अजून निकालात निघालेली नाही, कारण आपल्याकडे नफा आणि धोका बहुधा वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतो. हाफकिनने प्लेगची लस १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे त्याच्या मोठेपणाला शोभणारे; त्यानंतरची चाचणी मात्र भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाली. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस प्रायोगिक प्रकल्पात मुलींना दिली गेली. खम्ममला त्यांतल्या अनेक आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या आणि संमतीपत्रांवर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत दिसले नाही, हे सांगितलेच पाहिजे. ती लस चांगली आहे आणि आपल्या मुलींना ती मिळाली पाहिजे हेही. पण संसदीय समितीने २०१३ साली ह्या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले, त्यांत संमतीचा मुद्दाही होता. वसतिगृहातली मुलगी ही नियोजनकाराला सोयीची असते, १९६२ च्या शाळकरी पोरांसारखीच.

मग प्रतिमानात जात घालावी काय? आमचे उत्तर होय असे आहे. मात्र जातीला वयासारखा एक रकाना समजून चालणार नाही. वय सर्वांना असते आणि ते बदलते. जात ही वस्तीची जागा, पाण्याची वाट, कामाचा प्रकार आणि दवाखान्यातल्या बाईचा बोलण्याचा सूर अशा चार ठिकाणी काम करते, आणि चारही ठिकाणी मोजावी लागेल. येत्या जनगणनेत जातवार मोजणी होईल असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. १९३१ नंतर प्रथमच असे आकडे हाती येणार असतील तर आरोग्याच्या नियोजनात ते वापरण्याची मागणी आतापासून करावयास हवी. ह्यात धोका नाही असे नाही. अमुक वस्ती 'धोक्याची' असा शिक्का बसला की साथीत तिचा रस्ता आधी बंद होतो आणि लस मागाहून येते. म्हणून आकडे कोणाच्या हातात राहतील, हा प्रश्न आकडे असावेत की नसावेत ह्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

कार्यकर्त्यांना ह्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाचा सूक्ष्म नियोजन आराखडा असतो. गावे, वस्त्या, प्रत्येकीतली मुलांची संख्या, कोणत्या दिवशी कोण जाणार. वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांची पाले, ऊसतोडीच्या टोळ्या ह्यांची त्यात वेगळी यादी असावी असे सरकारचेच सांगणे आहे. तो आराखडा मागावा आणि हातात घेऊन गावाबाहेर चालत जावे. बीडकडून निघालेली टोळी दिवाळीच्या सुमाराला कारखान्याच्या तळावर उतरते आणि उन्हाळ्यात परतते. नऊ महिन्यांचे मूल गोवराच्या पहिल्या मात्रेला पात्र होते ते उसाच्या फडात. त्याचे नाव आहे बीडच्या यादीत, आणि कोल्हापूर-सांगलीच्या तळावर आशा ताई आली तर तिच्याकडच्या कागदावर त्या मुलाला ओळ नाही. बीडच्या उपकेंद्रात ते 'गावात नाही' म्हणून वगळले जाते, येथे ते 'आपले नाही' म्हणून. दोन्ही ठिकाणची टक्केवारी त्यामुळे किंचित वाढते.